पोटखराबा

इतिहास म्हटला कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम माणसें उभीं राहतात. कोण कोणाशीं लढला, कोणीं कोणतें देऊळ बांधलें, कोणत्या सालीं कोणता तह झाला, हें विचारण्याची आपणांस संवय आहे. त्या वेळीं पाऊस किती पडत होता, गवत कोणतें उगवत होतें, समुद्र किती दूर होता, हें विचारण्याची नाहीं. जमीन म्हणजे नाटकाचा मागचा पडदा; तो एकदां टांगला कीं टांगला, पात्रें तेवढीं येणार आणि जाणार, अशी आपली समजूत. तीनशें वर्षांच्या इतिहासापुरती देखील ही समजूत पुरती टिकत नाहीं. आमच्या राजापुराचेंच पाहा. १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं येथील इंग्रजांची वखार लुटली तेव्हां हें गजबजलेलें बंदर होतें. व्यापाराचीं गलबतें खाडीनें वर येत. आज ती खाडी गाळानें भरून आली आहे, आणि येथें बंदर होतें हें शाळेंतल्या मुलांस सांगितलें तर तीं पुलावरून खालीं वांकून पाहतात आणि हंसतात. साडेतीनशें वर्षांत एवढा पालट, तर दहा-पंधरा हजार वर्षांत काय झालें नसेल?

हा प्रश्न आमच्या मनांत घोळूं लागला तो आमच्या तालुक्यांतील सड्यांमुळें. देशावरील वाचकांसाठीं सडा म्हणजे काय हें थोडें सांगितलें पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्याकडून समुद्राकडे जातांना खोल दऱ्या लागतात. भातशेती, माड-पोफळी आणि वाड्या त्या दऱ्यांत. दरी चढून वर आलें कीं एकाएकीं सपाट, उघडी, काळसर कातळाची जमीन चोहोंकडे पसरलेली दिसते. तोच सडा. हा कातळ जांभ्याचा. आणि जांभा हा पावसानें घडविलेला दगड आहे. ओल्या व कोरड्या ऋतूंचें लाखों वर्षें चाललेलें रहाटगाडगें मूळ खडकांतील विरघळणारीं द्रव्यें धुऊन नेतें, आणि लोखंडाचा व अॅल्युमिनियमचा अंश तेवढा मागें ठेवतें. वैशाखांत तेथें अनवाणी पाऊल ठरत नाहीं. श्रावणांत त्याच कातळावरील बोटभर मातींत गेंद, तेरडा आणि सीतेचीं आसवें फुलतात. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र अशा जमिनीस बारमास एकच शब्द असतो: पोटखराबा, म्हणजे लागवडीस निरुपयोगी.

या निरुपयोगी जमिनीवर हजारों वर्षांपूर्वीं कोणीतरी चित्रें खोदून ठेवलीं आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी यांनीं गेल्या दहा-पंधरा वर्षांत गांवोगांव पायपीट करून अशा आकृति शोधल्या, मोजल्या व लोकांपुढें आणल्या; त्यांची संख्या आतां हजाराच्या वर गेली आहे. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकण व गोवा मिळून नऊ ठिकाणें नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचें गोठणें आणि रुंढे तळी हीं पांच एकट्या राजापूर तालुक्यांतलीं. बारसूस एक मनुष्याकृति दोहों बाजूंच्या दोन श्वापदांना थोपवून धरल्यासारखी उभी आहे. कशेळीचा हत्ती सुमारें अठरा मीटर लांब व तेरा मीटर रुंद असून त्याच्या देहांत दुसरे कितीतरी पशु, पक्षी व जलचर कोरलेले आहेत. नांगर, बैलगाडी, शेत यांचें चित्र या आकृतींत आढळत नाहीं. त्यावरून त्या कोरणारे लोक शिकार करून व कंदमुळें गोळा करून राहणारे असावेत, असें पुरातत्त्वज्ञ म्हणतात. आणि त्यांतच कांहीं आकृति एकशिंगी गेंड्याच्या व पाणघोड्याच्या आहेत, असेंहि अभ्यासकांनीं ओळखलें आहे.

गेंडा आणि राजापूर! हें वाचल्यावर कोणाचीहि कल्पना चौखूर उधळेल. येथें एके काळीं दलदल होती, पुरुषभर उंचीचें गवत होतें, त्यांत गेंडे लोळत होते, असें चित्र पांच मिनिटांत उभें राहतें. आमचा धंदा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा आहे. अशीं चित्रें उभीं करणें हें आमच्या धंद्यास वर्ज्य नाहीं. पण त्याच धंद्यानें पाठ तपासून पाहण्याची खोडहि आम्हांस लावली आहे. चित्रें फार जुनीं कशावरून, तर त्यांत गेंडा आहे म्हणून. आणि येथें गेंडा होता कशावरून, तर चित्रें फार जुनीं आहेत म्हणून. आमच्या नैयायिकांनीं यासच अन्योन्याश्रय दोष म्हटलें आहे. जांभ्यांत कोरलेल्या रेघेचें वय थेट मोजणें अतिशय कठीण. त्यामुळें मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत कोठेंहि हीं चित्रें बसविणारीं मतें आहेत. शिवाय चित्र हें पंचनामा नव्हे. आमच्या देवळांच्या खांबांवर मकर आणि शरभ कोरलेले आहेत. त्यांवरून कोंकणांत शरभ चरत होते असें कोणी म्हणत नाहीं. गेंडा पाहिलेला असेल, ऐकलेला असेल, दूरच्या प्रवासांतून मनांत आणलेला असेल. तेव्हां त्या लोकांचें रान कसें होतें याची साक्ष चित्राबाहेरून काढली पाहिजे.

ती काढण्याची रीत पोथीच्या संशोधनासारखीच आहे. भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती शेंकडों हस्तलिखितें ताडून आणि मागाहून शिरलेले श्लोक वेगळे काढून. सड्यावर आणि दरींत असेच प्रक्षेप आहेत. प्रथम डांबरी सडक आणि चिऱ्यांचे गडगे काढा. मग काजू काढा. तें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलें. किनाऱ्यावरचा सुरू काढा; तो ऑस्ट्रेलियाकडचा. मिरची काढा, ती अमेरिकेची. हापूसचीं कलमें काढा, भाताचीं खाचरें काढा, माड काढा, गुरें काढा. कोंकणी माणसास येथपर्यंत येतांना घाम फुटेल, कारण ज्याला तो कोंकण म्हणतो तें बहुतेक सारें गेलें! उरलें काय? करवंदीच्या जाळ्या, ऐन, किंजळ, जांभूळ, रानांतले कंद, पावसाळी टाकळा व भारंग, मृगाच्या सरींत पऱ्यांतून उलटे वर चढणारे चढणीचे मासे आणि कातळाच्या कपारींतल्या कुर्ल्या. आजहि आषाढांत आमच्या गांवची बाई टोपली घेऊन रानांत जाते तेव्हां शेतीच्या आधींची गृहस्थी ती थोडा वेळ चालवीत असते.

परंतु एवढ्यानें संशोधन संपत नाहीं. उरलेली ही झाडें आजच्या पावसावर वाढणारीं, आणि तो पाऊसच तेव्हां असा नव्हता. समुद्रहि जागेवर नव्हता. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरांत, पृथ्वीवरील इतकें पाणी बर्फाच्या रूपानें अडकून पडलें होतें कीं समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. म्हणजे आज आपण ज्यास किनारा म्हणतों त्याच्या पश्चिमेस कित्येक कोस कोरडी जमीन होती, आणि आमच्या नद्या ती जमीन ओलांडून मग समुद्रास मिळत होत्या. पुढें बर्फ वितळलें, पाणी कधीं हळूहळू तर कधीं झपाट्यानें वर चढलें, आणि सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं तें आजच्या पातळीच्या जवळपास आलें. परशुरामानें समुद्र मागें हटवून कोंकण घेतलें अशी आमची कथा. भूविज्ञानाची कथा सांगते कीं समुद्रानें पुढें येऊन जुन्या कोंकणाचा मोठा तुकडा परत घेतला.

हें केवळ गणित नव्हे. १८७८ च्या सुमारास मुंबईस प्रिन्सेस गोदीचें खोदकाम चाललें असतां गाळाखालीं एक बुडालेलें रान निघालें. साडेतीनशेंहून अधिक झाडांचे बुंधे सांपडले, कित्येक मुळांसह उभेच. लांकूड खैराचें होतें. जमीन खचली कीं पाणी चढलें याविषयीं वाद झाले. रान बुडालें याविषयीं वाद होण्याजोगा नव्हता. खैर हें खाऱ्या पाण्यांत उगवणारें झाड नाहीं.

आतां गेंड्याकडे वळूं. चित्रें जर समुद्र दूर असतांनाचीं असतील, तर सडा हा किनाऱ्यावरील माळ नसून विस्तीर्ण मैदानाच्या कडेचा उंच ओटा होता. पश्चिमेकडे खालीं नद्यांचे पाणथळ गवताळ कांठ असतील, आणि गेंड्यास हवें तें सारें तेथें असूं शकेल. तीं जर समुद्र वर आल्यानंतरचीं असतील, तर दऱ्यांच्या तोंडीं खाड्या शिरल्या होत्या, आणि कशेळीच्या हत्तीच्या पोटांतील जलचर उतारावरून खालीं जाऊन पाहतां येण्याजोगे होते. सडा एकच, पण त्यावर उभ्या राहिलेल्या माणसास पश्चिमेस काय दिसत होतें, यावर त्याचें सारें जीवन अवलंबून होतें.

पावसाची साक्ष याहूनहि विलक्षण ठिकाणीं आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा जोरानें वाहूं लागला कीं अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळचें थंड पाणी वर येतें. त्या थंड पाण्यांत धुळीच्या कणाएवढ्या कवचधारी जीवांची एक जात भरभरून वाढते. मेल्यावर तीं कवचें तळाशीं बसतात, वर्षांमागून वर्षें, थरावर थर. लांब नळी खुपसून तो गाळ उभा वर काढला आणि थरोथरींचीं कवचें मोजलीं कीं कोणत्या काळीं वाऱ्याचा जोर किती होता हें कळतें. पश्चिम किनाऱ्यासमोरील गाळांत फुलांचे परागहि मिळतात. त्यांत खारफुटीचा पराग वाढला कीं नद्या भरून वाहत होत्या असें समजावें. या दोन्ही साक्षींचें म्हणणें एकच पडतें: हिमयुगाच्या भरांत आपला पावसाळा दुबळा होता, आणि सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या आगेंमागें तो एकदम बळावला. आमच्या वळचणीचा पाऊस अरबस्तानच्या समुद्रतळाशीं लिहून ठेवलेला असावा, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि काव्यापेक्षां कमी अद्भुत वाटत नाहीं.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकासहि याचा दाखला आहे. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवजवळ पाटणें येथें शं. अ. साळी यांनीं उत्खनन केलें, त्यांत शहामृगाच्या अंड्यांचीं कवचें व त्यांपासून केलेले मणी निघाले. काळ सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वींचा. शहामृग हा उघड्या, कोरड्या गवताळ प्रदेशांतला पक्षी. खानदेशांत तो होता तर तेव्हांची हवा सांगावी लागत नाहीं. उलट गुजराथेंत लांघणज येथें, आज जेथें रेताड टेकड्या आहेत तेथें, हंसमुख सांकळिया यांच्या उत्खननांत गेंड्याच्या खांद्याचें हाड सांपडलें. गेंडा तेथें होता तर पाणीहि जवळ होतें. पाणघोड्याचे अश्मीभूत अवशेष तर नर्मदा-गोदावरीच्या जुन्या गाळांत मिळाले आहेत. एक अंडें आणि एक हाड. परंतु त्यांनीं दोन प्रदेशांचें हवामान सांगितलें.

मग राजापुरांत असें हाड कां नाहीं? कारण जांभ्याची माती आम्लधर्मी आहे, आणि तींत हाड टिकत नाहीं. मुसळधार पाऊस तें विरघळवून नेतो. म्हणून येथें इतर साक्षीदार शोधावे लागतात. गुहेंतल्या कोरड्या थरांत कांहीं जपलें जातें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कोळोशी गांवच्या गुहेंत उत्खनन होऊन दगडी हत्यारें निघालीं तीं अशींच. गवताच्या पात्यांत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण असतात. गवत कुजलें तरी ते आम्ल मातींतहि टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा वंश ओळखतां येतो. हे कण सांपडायचे कोठें? सड्यावरील खळग्यांत, जेथें पावसानें चोहोंकडची माती वाहून आणून थराथरानें बसविली आहे तेथें.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. तालुक्यांतील एका सड्यावर आमच्या भाऊबंदांची सामाईक जमीन आहे, अर्थात् पोटखराबा. गेल्या वैशाखांत एका चिरेखाणवाल्यानें ती मागितली. बाकीच्यांनीं संमति दिली. सही राहिली ती आमची. आमचा पुतण्या कागद घेऊन आला. मुलगा सालस आहे. घराचें छप्पर गळतें आहे, मुलीला अभियांत्रिकीच्या शिक्षणास पाठवायची आहे. तो म्हणाला, “काका, तुमच्या सहीवांचून अडलं आहे. त्या सड्यावर आहे काय? चित्र असतं तर मीच नको म्हटलं असतं.”

त्याचें बोलणें खोटें नव्हतें. आमच्या तुकड्यावर चित्र नाहीं. आणि चिऱ्याची निंदा आम्हीं कोणत्या तोंडानें करावी? आमचें घर, विहीर, तुळशीवृंदावन, सारें चिऱ्याचेंच आहे. तरीहि सहीपूर्वीं जमीन पाहून येऊं म्हणून आम्ही दोघे वर गेलों. बरोबर गांवचे एक वृद्ध गुराखी होते. साठ वर्षें त्यांनीं त्या सड्यावर गुरें राखलीं. त्यांनीं आम्हांस एका उथळ खळग्यापाशीं नेलें. भोंवतालचा कातळ तापून धगधगत होता. खळग्यांत भेगाळलेली करडी माती होती. पौषापर्यंत येथें पाणी राहतें, रात्रीं भेकरें आणि डुकरें येतात, असें ते म्हणाले. पुतण्यानें विचारलें, “पूर्वीं पण येत होतीं काय हो आजोबा?” म्हातारे म्हणाले, “पाणी हितं थांबतां तर जनावर जाईल खंय? आन् जनावराच्या मागनं माणूस.”

काठीनें माती उकरली तों ती हातभर खोल लागली, आणि तळ तरी आला नव्हता. तेव्हां पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें. त्या सड्यावर चित्र नाहीं. पण चित्र काढणाऱ्यांच्या काळचें गवत असण्याची शक्यता आहे, आणि ती चित्र असलेल्या उघड्या कातळापेक्षां येथेंच अधिक. चित्र जेथें आहे तेथें वारा आणि पाऊस सारें धुऊन नेतात. साक्ष वाहून येते ती उतारानें, आणि साठते ती चित्रापासून दूर.

हा मुद्दा आमच्या एका तुकड्यापुरता नाहीं. एप्रिल २०२३ मध्यें बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण कारखान्यासाठीं मातीपरीक्षण सुरू झालें तेव्हां गांवकऱ्यांनीं मोठा विरोध केला; त्या वादांत चित्रांची जागा राखून बाकीची जमीन घ्यावी, असाहि विचार पुढें आला. कारखाना हवा कीं नको हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. तो गांवानें व राज्यानें सोडवावा. परंतु चित्राभोंवतीं कुंपण घातलें म्हणजे प्राचीन काळ जपला, ही समजूत मात्र त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस दिसते, आणि ती तपासून पाहिली पाहिजे. गेंड्याचें चित्र राखून खळगे, पऱ्ये, गुहा आणि उतार खणून काढले, तर पुढच्या पिढीस गेंडा दिसेल. तो येथें चरला काय, हें विचारण्याचें साधन तिच्या हातीं उरणार नाहीं. महाभारतांतला एक सुंदर श्लोक चौकटींत लावून बाकीचीं हस्तलिखितें चुलींत घालण्यासारखें तें होईल.

आम्हीं सही केली ती अर्ध्या जमिनीपुरती: पूर्वेकडील जो भाग पूर्वींच थोडा फुटलेला आहे तेवढ्यावर. खळगा आणि त्याकडे उतरणारा सगळा कातळ यांस हात लावूं नये असें कागदांत लिहून घेतलें. खाणवाल्यानें भाव अर्ध्याहून खालीं आणला; तो त्याचा व्यवहार. भाऊबंदांपैकीं दोघे अजून आमच्याशीं बोलत नाहींत. पुतण्याच्या मुलीच्या पहिल्या वर्षाचे पैसे कमी पडले ते आम्हीं आमच्या भविष्यनिर्वाह निधींतून काढून दिले. ज्यानें मोडता घातला त्यानें भार उचलावा, हें सरळ आहे. आमच्या पत्नीनें यावर एवढेंच विचारलें कीं, त्या मातींत कांहींच निघालें नाहीं तर? निघणार नाहीं असेंहि होऊं शकतें. खळगा पांचशें वर्षांचाच असेल, पराग उन्हानें जळून गेले असतील, गवताचे कण आजच्याच गवताचे निघतील. पण तेंहि कळेल तें माती जागेवर असली तरच.

कार्तिकांत पाणी ओसरूं लागलें म्हणजे मातीचे नमुने घेण्याविषयीं जाणत्या लोकांशीं आमचा पत्रव्यवहार चालू आहे. ते येतील तेव्हां त्यांना वर नेण्याचें काम पुतण्यानें आपणहून अंगावर घेतलें आहे. खळगा किती भरतो हें पाहण्यासाठीं त्यानें कांठाशीं खुणेची एक काठी रोवली आहे, आणि दर पंधरवड्यास पाण्याची उंची तो आम्हांस कळवीत असतो.